एमसीबी होती, मग जळालं कसं?

शेतकरी बंधूंनो, आखाजी झाली की खान्देशात पेरणीपूर्व कामांची धांदल उडते. वखरणी, बियाणं, खताची जुळवाजुळव सारं होतं. एक काम मात्र कोणाच्याच यादीत नसतं. ते म्हणजे विहिरीवरची मोटारीची पेटी आणि घरातला लाइटचा बोर्ड तपासणं. मग मृगाच्या आधीचं वादळ येतं, आकाशात वीज कडाडते आणि गावात ओरड होते. कोणाचा टीव्ही गेला, कोणाचा स्टार्टर गेला, कोणाची मोटार जळाली. त्यावर ठरलेला प्रश्न असतो, "अहो, पेटीत एमसीबी होती ना! मग जळालं कसं?"

या प्रश्नातच सारी गफलत आहे.

विजेचा धोका तीन तऱ्हेचा असतो. पहिला, तारेला झेपेल त्याहून जास्त करंट जाणे. दुसरा, लाइनीत व्होल्टेजने अचानक उसळी मारणे. तिसरा, करंटने आपली वाट सोडून पेटीच्या पत्र्यात, ओल्या भिंतीत नाही तर माणसाच्या अंगात उतरणे. रोग तीन आहेत आणि औषधंही तीन आहेत. कपाशीवर मावा आला म्हणून कोणी तणनाशक फवारत नाही. विजेच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

एमसीबी हे पहिल्या रोगाचं औषध. मोटार अडकली, लोड वाढला किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या की एमसीबी पडते आणि लाइन तुटते. तार तापून आग लागू नये एवढंच तिचं काम. किती व्होल्टेज येतंय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

सर्ज प्रोटेक्टर हे दुसऱ्या रोगाचं औषध. ठिबकवाल्यांना हे लवकर समजेल. पाइपातून किती पाणी वाहतं तो करंट, आणि पाण्याचा दाब म्हणजे व्होल्टेज. दाब एकदम वाढला तर पाइप फुटू नये म्हणून फिल्टरजवळ जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. सर्ज प्रोटेक्टर तसाच. एरवी तो गप्प बसून असतो. जवळपास वीज पडली आणि लाइनीत उसळी आली की तो तिला जमिनीत वाट करून देतो. ही उसळी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात येऊन जाते. एमसीबीचा खटका हलेपर्यंत टीव्हीचं सर्किट जळून गेलेलं असतं.

पण सर्ज प्रोटेक्टरच्याही मर्यादा आहेत. अर्थिंग चांगली नसेल तर उसळी जाणार कुठे? पेटीत पाच-दहा हजारांचं यंत्र आणि अर्थिंगची तार उंदराने तोडलेली, असं असेल तर ते यंत्र शोभेचं. प्रत्येक दणक्याने ते थोडं थोडं झिजतं. म्हणून बहुतेकांवर खिडकी असते. ती हिरव्याची लाल झाली की बदलायचं. आणि वीज थेट घरावरच पडली तर भरवसा कशाचाच नाही. ढग गडगडू लागले की प्लग उपसून ठेवणं हाच खरा इलाज.

आणखी एक प्रकार आपल्याकडे नेहमी घडतो. डीपीवरचा न्यूट्रल तुटतो. मग 230 व्होल्टच्या घरात 300-350, कधी 400च्या जवळ व्होल्टेज शिरतं आणि गल्लीतले पंखे, फ्रीज एकाच वेळी जातात. इथे एमसीबी बहुतेक वेळा पडत नाही. सर्ज प्रोटेक्टरही इथे कामाचा नाही. तो क्षणभराच्या उसळीसाठी असतो, चढून बसलेल्या व्होल्टेजने तो स्वतःच जळतो. त्यासाठी व्होल्टेज कमी-जास्त झालं की लाइन तोडणारं यंत्र वेगळं मिळतं. मोटारीचा एक फेज गेला तर तिला वाचवणारा प्रिव्हेंटर असतो, त्याच जातीचं हे.

आता तिसरा रोग, जो माणूस नेतो. एका अँपिअरचा दहावा भाग काळजातून गेला तरी माणूस दगावू शकतो. आपली एमसीबी 16 अँपिअरची. पेटीला चिकटलेल्या माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिच्या खिजगणतीतही नसतो. ती पडणार नाही. सर्ज प्रोटेक्टरही काही करणार नाही. इथे लागते आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा ती हिशेब ठेवते. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की लाइन तोडते. मोटार एकदा भरून आणायला जो खर्च येतो, त्याहून कमीत ती घरात बसते. दर महिन्याला तिचं टेस्टचं बटण दाबून पाहावं. मात्र आरसीसीबी लोड पाहत नाही, म्हणून सोबत एमसीबी हवीच.

खान्देशातली एक अडचण शहरातला दुकानदार सांगत नाही. एमसीबीवर लिहिलेले अँपिअर साधारण 30 अंश तापमानाला धरलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या घरात, आणि उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. मग लोड तेवढाच असून दुपारी एमसीबी पडते. आपण वैतागून 16 च्या जागी 32 ची बसवतो, नाही तर किटकॅटमध्ये तांब्याची जाड तार पिळून मोकळे होतो. वर म्हणतो, "काही होत नाही, भाऊ!" तार तीच राहते, राखणदार मात्र झोपवलेला असतो. पेटीवर सावली करा, हवा खेळती ठेवा, तारेचा गेज वाढवा. पण नुसती एमसीबी मोठी करू नका.

म्हणून पैसा खर्चायचा तर क्रम लावून खर्चा. आधी अर्थिंग, मग आरसीसीबी, मग तारेला साजेशी एमसीबी आणि शेवटी सर्ज प्रोटेक्टर. म्हणजे आधी माणूस, मग घर, मग टीव्ही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंग सुकते. त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला पैसे पडत नाहीत. सौर पंपवाल्यांनी पॅनलजवळची अर्थिंगची तार शाबूत आहे का, हे आजच पाहावं. त्यांचा कंट्रोलर इलेक्ट्रॉनिक असल्याने उसळीला लवकर बळी पडतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही सांगणं आहे. शाळा, अंगणवाडी, पाणीपुरवठ्याची मोटार आणि ग्रामपंचायतीची कचेरी या चार ठिकाणी आरसीसीबी व अर्थिंग आहे का, हे ग्रामसभेत विचारलं जावं. डीपीचा न्यूट्रल आणि अर्थिंग पावसाळ्याआधी तपासून द्यावी, असं लेखी पत्र महावितरणला द्यावं व त्याची पोच ठेवावी. डीपीला गावकऱ्याने हात लावायचा नाही. तार तुटली, ठिणग्या उडाल्या तर 1912 वर कळवायचं. अपघात घडल्यावर पंचनामा करणारे पुष्कळ येतात. पावसाआधी पेटी उघडून पाहणारा मात्र गावातच तयार व्हायला हवा.