‘सॉर्ट +१’चं पाप

परवा टीममध्ये पुन्हा तोच वाद. आमचं घरगुती वापराचं एक कमांड लाइन टूल आहे, त्याचे ऑप्शन गचाळ झालेत (झालेतच, काही एका डॅशचे, काही दोन डॅशचे). तर म्हणे पुढच्या व्हर्जनमध्ये सगळं ‘क्लीन’ करून टाकू, ज्यांच्या स्क्रिप्ट मोडतील ते बघून घेतील. मी एकटाच नको म्हणालो आणि मंडळींनी माझ्याकडे पेन्शनरकडे बघावं तसं बघितलं. तिथे धड बोलता आलं नाही, म्हणून इथे.

युनिक्समधला सॉर्ट घ्या. पूर्वी ‘सॉर्ट +१’ म्हणजे पहिला कॉलम सोडून दुसऱ्यापासून पुढचं बघून क्रम लावायचा. मोजणी शून्यापासून, वाचणाऱ्याचा गोंधळ उडणारच. त्यापेक्षा ‘-के २’ केव्हाही बरं. इथवर माझी तक्रार नाही. पण पॉझिक्सच्या २००१ च्या आवृत्तीने ठरवलं की ‘+१’ हे आता फाइलचं नाव! अहो, ‘+१’ नावाची फाइल कोणाच्या घरी असते? शिवाय ‘हेड -१’सारखी रोज बोटांतून निघणारी कमांडही त्याच फेऱ्यात सापडली, आणि जीएनयूने प्रमाणाशी इमान राखल्यावर चालत्या स्क्रिप्ट आडव्या झाल्या. मग जुनं वागणं हवं असेल तर एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये १९९२ सालचं प्रमाण मागा, ही मखलाशी. शेवटी २००८ च्या पॉझिक्सने काय म्हणावं? जुनं किंवा नवं, दोन्ही चालेल!! म्हणजे आता कुठल्या मशीनवर काय होईल ते मशीनलाच ठाऊक.

मुद्दा असा की एरर आली तर निदान कळतं. तीच कमांड गपचूप दुसरंच काही करू लागली, तर ते कळायला कोणीतरी ओरडावं लागतं.

"आम्ही काही काढत नाही, फक्त नवीन ऑप्शन घालतोय" म्हणणाऱ्यांनीही फार निश्चिंत राहू नये. गेटऑप्ट-लाँग लांब ऑप्शनचं तुटकं नावही स्वीकारतं, फक्त ते एकाच ऑप्शनला लागू पडायला हवं. ‘--व्हर्जन’साठी कोणी ‘--व्हर’ लिहून ठेवलंय. तुम्ही ‘--व्हेरिफाय’ आणलंत की त्याचं ‘--व्हर’ संदिग्ध, एरर. काहीही न काढता मोडलंत! पायथनच्या आर्गपार्समध्ये ३.५ पासून ही सवलत बंद करता येते. पहिल्या दिवशीच करा, नंतर केलीत तर तेही मोडणंच.

नवं नाव आणायला कोणाची ना आहे? डॉकरने जानेवारी २०१७ मध्ये ‘डॉकर कंटेनर एलएस’ अशी नीटनेटकी रचना आणली, पण ‘डॉकर पीएस’ला हात लावला नाही. हेल्पमध्ये नवं लिहा, जुनं वापरलं तर एसटीडीएररवर एक ओळ छापा (एसटीडीआउटवर नको, तिथे पुढच्या कमांडचा घास असतो), आणि पार्सरमधल्या त्या चार ओळी राहू द्या की. त्या काही भाडं मागत नाहीत.

पण सुटलेलं अक्षर दुसऱ्या अर्थाने पुन्हा वापरायचं नाही म्हणजे नाही. आमच्या टूलमध्ये ‘-डी’ म्हणजे आजवर ड्राय रन. नव्या प्रस्तावात ‘-डी’ म्हणजे डिलीट. किती जणांच्या क्रॉनमध्ये ते पडलंय याची यादी कोणाकडेच नाही.

मंगळवारी पुन्हा मीटिंग आहे.