शब्दकोड्यात 'फकिरा' का दिसत नाही?

'ययाति'चे लेखक. 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर गाजवणारे अभिनेते. केशवसुतांचं आडनाव. पेपरातलं शब्दकोडं रोज सोडवणाऱ्यांना ही उत्तरं पेनचं टोपण काढायच्या आधीच पाठ असतात. खांडेकर, लागू, दामले. संपलं.

ही माणसं मोठीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. तक्रार एवढीच की यादी पुढं सरकत नाही.

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा', दया पवारांचं 'बलुतं', लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. 'गाढवाचं लग्न' गाजवणारे दादू इंदुरीकर. ही नावं मला तरी कोड्यात क्वचितच दिसतात. जागेत बसत नाहीत म्हणावं, तर मराठी कोड्यात एका चौकोनात काना-मात्रेसकट एक अख्खं अक्षर मावतं. 'ययाति'ला तीन चौकोन लागतात. 'फकिरा', 'बलुतं', 'उचल्या' यांनाही तीनच. मग अडतं कुठं?

अडतं आपल्या सवयीत. जुन्या कोड्यातले शब्द उलटसुलट करून नवं कोडं तयार होतं. रात्री पान लावायच्या घाईत ते कोण तपासतंय? अग्रलेखावर चर्चा होते, कोड्यावर कधीच नाही.

पण मंडळी, अग्रलेख न वाचणारा माणूसही कोडं सोडवतो. सलूनमध्ये, एसटी स्टँडवर, दुकानाच्या गल्ल्यावर. अडलं की शेजारच्याला विचारतो, घरी पोरांना विचारतो. एखादं पुस्तक न वाचलेल्यांच्याही तोंडी त्याचं नाव बसवण्याची ताकद या चौकोनांत आहे. रोज तीच दहा-बारा नावं छापून आपण वाचकाला नकळत सांगतो, की मराठी साहित्य एवढंच.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. आता निदान कोड्यात तरी सगळ्या मराठीला जागा द्या. संपादक मित्रांनो, येत्या रविवारीच सुरुवात करा. आडवे शब्द, क्रमांक एक: अण्णा भाऊ साठे यांची गाजलेली कादंबरी, तीन अक्षरं. वाचकाला येणार नाही अशी भीती वाटते? मग दुसऱ्या दिवशी उत्तर छापतो ते कशासाठी?

तुम्हाला कोड्यात कुणाचं नाव दिसायला हवं? कमेंटमध्ये लिहा. किती अक्षरी आहे, तेही सांगा.