प्राणिक्रौर्य : दुसऱ्या गुन्ह्याची नोंद कोण ठेवणार?

लखनौ - चिथावणी नसताना दुसऱ्यांदा चावा घेणाऱ्या भटक्या कुत्र्याला आजन्म केंद्रात ठेवावे, असा आदेश उत्तर प्रदेश सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये स्थानिक संस्थांना दिला. पहिल्या चाव्यानंतर कुत्र्याला मायक्रोचिप बसवायची, म्हणजे पुढील घटनेच्या वेळी त्याची ओळख पटेल, अशी ही व्यवस्था आहे. मात्र प्राण्याला दुसऱ्यांदा क्रूरपणे वागवणाऱ्या माणसाची ओळख पटवण्यासाठी अशी कोणतीही स्वतंत्र नोंद ठेवण्याची तरतूद केंद्रीय कायद्यात नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या आत गुन्हा पुन्हा घडल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तीन वर्षांनंतर घडलेला गुन्हा पुन्हा पहिलाच मानला जातो. शिवाय आधीची दोषसिद्धी न्यायालयासमोर मांडली गेली, तरच वाढीव शिक्षेचा प्रश्न उद्भवतो.

प्राण्याला ठार मारल्यास किंवा अपंग केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू आहे. परंतु मारहाण, उपासमार, अतिभार अशा नित्याच्या छळाची प्रकरणे प्रामुख्याने जुन्या अधिनियमाखालीच येतात.

दोषी व्यक्तीकडून प्राणी काढून घेण्याचा आणि तिला प्राणी बाळगण्यास मनाई करण्याचा अधिकार कलम २९ ने न्यायालयाला दिला आहे. पण मनाईच्या आदेशासाठी तीन अटी आहेत. प्राण्याचा पुढेही छळ होण्याची शक्यता पुराव्याने दाखवावी लागते. अशा आदेशाची मागणी करण्याचा इरादा मूळ तक्रारीतच नमूद असावा लागतो. आणि तो प्राणी पाळण्यासाठी परवाना आवश्यक असलेल्या क्षेत्रातच गुन्हा घडलेला असावा लागतो. या अटी पूर्ण न झाल्यास दंड भरून सुटलेल्या माणसाला दुसरा प्राणी पाळण्यास कायद्याची आडकाठी राहत नाही.

तिसऱ्या अटीचा अर्थ लखनौ छावणीच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. छावणीचा कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील कटक मंडळाकडे आहे, तर लगतच्या शहराचा महानगरपालिकेकडे. कटक मंडळ अधिनियम, २००६ नुसार मंडळाला कुत्र्यांच्या नोंदणीबाबत उपविधी करता येतात. महानगरपालिकेचे नियम वेगळे असतात. म्हणजे एकाच स्वरूपाच्या छळानंतर मनाईचा आदेश निघू शकेल की नाही, हे गुन्हा कोणत्या हद्दीत घडला यावर अवलंबून राहते. प्राण्याच्या वेदनेला मात्र हद्द नसते.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी नागराज प्रकरणाच्या निकालात शिक्षा परिणामकारक करण्याची अपेक्षा संसदेकडून व्यक्त केली होती. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा सूचनांसाठी जाहीर केला. त्यात अतिक्रूर कृत्यांसाठी एक ते तीन वर्षे, तर प्राण्याचा मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद प्रस्तावित होती. २०२५ अखेरपर्यंत हा मसुदा संसदेत मंजूर झालेला नव्हता.

अन्य देशांनी शिक्षेबरोबरच पुनरावृत्ती रोखण्यावर भर दिला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या कायद्यानुसार न्यायालय दोषी व्यक्तीला प्राणी बाळगण्यास अपात्र ठरवू शकते. २०२१ मध्ये कमाल कैद सहा महिन्यांवरून पाच वर्षे करण्यात आली. अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०१६ पासून अशा गुन्हेगारांची राज्यव्यापी जाहीर नोंदवही सुरू केली.

भारतात केवळ दंड वाढवणे पुरेसे ठरणार नाही. जड दंडामुळे गरीब गाडीवान कर्जात बुडेल, पण त्याचे जनावर सुरक्षित होईलच असे नाही. श्रीमंत मालकाला तर तोच दंड जाणवणारही नाही. जाणीवपूर्वक छळ आणि गरिबीतून होणारी हेळसांड यांत फरक करून शिक्षेची श्रेणी ठरवावी लागेल. त्याचबरोबर तीन वर्षांची मर्यादा वाढवणे, मनाईला परवान्याच्या अटीतून मुक्त करणे आणि दोषसिद्धीची नोंद पोलीस व न्यायालयांना सर्वत्र उपलब्ध करून देणे, हे तीन बदल आवश्यक ठरतात. अशी नोंद जाहीर नसली तरी चालेल. मात्र दुसऱ्या गुन्ह्याच्या वेळी ती न्यायाधीशांसमोर असली पाहिजे.