अखेरच्या घटकेचा अर्ज

दहिसर-बोरिवलीच्या सीमेवरील मंडपेश्वराच्या ज्या शैव लेण्यावर सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन संन्याशांनी आपला मठ उभारला आणि ज्याच्या भिंतीवर त्या काळी कोरलेला क्रूस आजही दिसतो, तेथे उभे राहिले असता, आयुष्यभराच्या पापांचा निवाडा अखेरच्या श्वासातील पश्चात्तापाने फिरू शकतो काय, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांचा राहत नाही. कारण पुत्राला हाक मारताना नारायणनाम उच्चारून यमदूतांच्या तावडीतून सुटलेला भागवतातील अजामिळ आपल्या कीर्तनकारांनी घरोघर पोहोचवला आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी क्रुसावर खिळलेल्या ज्या अपराध्याला त्याच दिवशी सुखलोकाचे अभिवचन मिळाले, त्याच्यापाशी ना सत्कर्मांची शिल्लक होती, ना प्रायश्चित्ताला मुदत. होती ती केवळ अपराधाची कबुली आणि आपले स्मरण ठेवण्याची विनंती. याच कृपेच्या भरवशावर कॅथलिक धर्मगुरू मरणोन्मुखाच्या उशाशी पापनिवेदन ऐकतो, तैलाभ्यंग करतो. प्रॉटेस्टंट पंथ विधींपेक्षा श्रद्धेवर भिस्त ठेवतो. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. 337 मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला, त्यात भक्ती किती आणि हिशेब किती, हे देवच जाणे! मत्तयाच्या दृष्टान्तात द्राक्षमळ्यात सकाळपासून राबलेले मजूर शेवटच्या तासाला आलेल्यांना पुरी मजुरी मिळताच कुरकुरतात; ती कुरकुर मला माणसाच्या दृष्टीने रास्तच वाटते, परंतु खजिना मालकाचा आहे. आणि क्रुसावर दुसराही अपराधी होता. वेळ त्यालाही तेवढाच मिळाला होता, आणि तो त्याने उपहासात घालवला.