आपला माणूस शेवटी काय करतो?

मी सिनेमाची समीक्षक नाही. कॅमेरा कुठे ठेवला, प्रकाश कसा पाडला, यातलं मला काही कळत नाही. चार लोक बघतात तशी मी सिनेमा बघते. कधी थिएटरात, बहुतेक वेळा रात्री जेवणं उरकल्यावर मोबाईलवर. विनोदावर हसते, रडायची जागा आली की रडते, गाणं आवडलं की दोन दिवस तेच गुणगुणते. पण सिनेमा संपला की एक प्रश्न हटकून डोक्यात येतो. या गोष्टीत आपला माणूस कोण होता आणि शेवटी त्याने काय केलं? तो मेला? त्याला कुणीतरी वाचवलं? त्याने हात जोडून आभार मानले? की स्वतःच्या तोंडाने उत्तर दिलं?

एवढीच माझी फूटपट्टी. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी बघितलेल्या काही सिनेमांना ती लावून बघू.

सुरुवात जुन्यापासून करते. ‘अछूत कन्या’ आला १९३६ साली. बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, देविका राणी आणि अशोक कुमार. त्यातली अस्पृश्य कस्तुरी शेवटी रेल्वे थांबवायला रुळावर धावते आणि मरते. लोक हळहळले, आजही तो सिनेमा पुरोगामी म्हणून सांगितला जातो. त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचं भाषण रद्द केलं आणि बाबासाहेबांनी ते ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ म्हणून स्वतः छापून काढलं. म्हणजे खरा अस्पृश्य त्या वर्षी धर्मशास्त्राला जाब विचारत होता आणि पडद्यावरची अस्पृश्य मुलगी इतरांसाठी जीव देत होती.

पुढे १९५९ ला बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नूतनने काम काय सुंदर केलंय! माझ्या आईचा हा फार आवडता सिनेमा. पण गोष्ट बघा. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी. पाळणारी आई तिला कधी पूर्ण आपली मानत नाही. शेवटी आई मरणाच्या दारात असते, तेव्हा सुजाताचं रक्त उपयोगी पडतं आणि मग आईचं मन बदलतं. मला हे खटकतं. रक्त जुळलं नसतं तर? सुजाता चांगली होती, सोशिक होती, घरातलं सगळं करत होती, तरी माणूस ठरायला तिला बाटलीभर रक्त द्यावं लागलं. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. ते लोक कुणाचं मन बदलायची वाट बघत बसले नव्हते.

आता ‘लगान’. २००१ चा सिनेमा, टीव्हीवर कधीही लागला तरी घरातला कुणीतरी बसून बघतोच. मीही बघते. त्यातला फिरकी टाकणारा कचरा आठवतो ना? गाव त्याला शिवायला तयार नाही, मग भुवन सगळ्यांना सुनावतो आणि कचरा संघात येतो. पुढे तो हॅट्ट्रिक घेतो आणि थिएटर टाळ्या वाजवतं. पण ज्या प्रसंगात त्याच्या माणूसपणावर चर्चा चाललीय, त्या प्रसंगात तो स्वतः गप्प उभा आहे. त्याच्या बाजूने बोलतो भुवन. त्याची फिरकीसुद्धा त्याच्या अधू हाताची देणगी, सरावाने कमावलेली नाही. आणि नाव? कचरा! तीन तासांत एकालाही वाटत नाही की या माणसाला दुसऱ्या नावाने हाक मारावी.

‘लगान’ची गोष्ट १८९३ सालातली आहे. त्याच काळात पुण्यात पालवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला तरुण गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता गोलंदाजी घोटवत होता. डावखुरा फिरकी गोलंदाज. पुढे तो हिंदूंच्या संघात गेला. मैदानावर त्याचा चेंडू चालायचा, पण चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ ला मिळालं त्याचा भाऊ विठ्ठल याला, तेही भांडून. बाळू पुढे १९३७ ला काँग्रेसकडून बाबासाहेबांच्याच विरोधात उभे राहिले आणि पडले, तो इतिहास वेगळा. सांगायचं एवढंच की खरा फिरकी गोलंदाज घाम गाळून तयार झाला होता आणि पालवणकर भावांना मान भांडून घ्यावा लागला होता. सिनेमाने त्याचा कचरा केला.

हे मी चिडून नाही, काळजीने लिहितेय. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत सहावी-सातवीची मुलं एकदा सुट्टीत ‘लगान’ करून बघत होती. भुवन व्हायला पाचजण तयार. कॅप्टन रसेल व्हायलाही दोघं. कचरा व्हायला एकही नाही. शेवटी सगळ्यात लहान, सगळ्यात सावळ्या पोराला कचरा केलं आणि पुढचे आठ दिवस त्याला त्याच नावाने चिडवलं. मुलांना जातीचं समाजशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या भूमिकेत काय आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं.

‘स्वदेस’ (२००४) मला आवडतो, हे आधीच सांगते. गावात सिनेमा दाखवतात तेव्हा मध्ये पांढरा पडदा लावलेला असतो. वरच्या जाती पडद्यापुढे आणि खालच्या जाती पडद्यामागे, उलटा सिनेमा बघत. भारतातल्या गावाचं इतकं नेमकं चित्र हिंदी सिनेमात क्वचितच आलंय. पण पडदा खाली ओढतो कोण? नासातून आलेला मोहन भार्गव. मागे बसलेल्यांपैकी एकाचाही हात पडद्याकडे जात नाही. महाडला तळ्याकडे जाताना आपल्या लोकांनी कुणा मोहनची वाट बघितली नव्हती.

मराठीकडे येऊ. २०१४ च्या जानेवारीत ‘टाइमपास’ आला आणि फेब्रुवारीत ‘फँड्री’. दोन्हींत वयात येणारा गरीब पोरगा आणि त्याच्या आवाक्याबाहेर समजली जाणारी मुलगी. ‘टाइमपास’ बघताना मी पोट धरून हसले. दगडू गोड आहे, लेले भन्नाट आहेत. पण तिथे सगळं भांडण टपोरी विरुद्ध सुसंस्कृत असं मांडलंय. दगडूने भाषा सुधारली, चार चांगल्या सवयी लावून घेतल्या की प्रश्न सुटेल असं वाटत राहतं. ‘फँड्री’तला जब्या काय सुधारणार? तो शाळेत जातो, पावडर लावतो, नव्या कपड्यांची स्वप्नं बघतो. तरी शेवटी अख्ख्या गावासमोर त्याला डुक्कर पकडावं लागतं. मेलेलं डुक्कर घेऊन जाताना मागे भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, शाहू महाराज यांची चित्रं दिसतात. आणि मग जब्या दगड उचलतो. तो दगड थेट आपल्याकडे, बघणाऱ्यांकडे येतो.

बऱ्याच लोकांना तो दगड टोचला. आम्ही काय केलं, आमच्यावर कशाला, असं मला माझ्याच ओळखीच्या शिकलेल्या माणसांनी विचारलं. अहो, जब्याला चिडवणाऱ्या गावकऱ्यांबरोबर तुम्ही थिएटरात कुठे कुठे हसलात, ते आठवा. माझ्या फूटपट्टीवर ‘फँड्री’ सगळ्यात वर आहे, कारण तिथे आपला माणूस शेवटी काहीतरी करतो.

‘सैराट’बद्दल काय सांगू? २९ एप्रिल २०१६ ला आला आणि अख्खा महाराष्ट्र झिंगाटवर नाचला. शंभर कोटींच्या घरात गेलेला पहिला मराठी सिनेमा. मला त्यातला लोखंडे सरांचा प्रसंग सगळ्यात जास्त लागतो. वर्गात शिकवणाऱ्या दलित प्राध्यापकाला पाटलाचा पोरगा थोबाडीत मारतो आणि कॉलेज खाली मान घालतं. शिकून प्राध्यापक झालो तरी गालाला जात चिकटलेली आहेच, हे त्या एका चापटीत आहे. शेवटी आर्ची-परश्या मारले जातात. म्हणजे इथेही आपला माणूस मरतोच. पण ‘अछूत कन्या’सारखं हे मरण थोर करून दाखवलेलं नाही. मारणारे घरचेच आहेत, आधी चहा पितात, ओळखीचे आहेत. दिग्दर्शक आपल्याला रडायला गाणंसुद्धा देत नाही.

तेव्हा ‘सैराटमुळे पोरी बिघडल्या’ म्हणणारे कमी नव्हते. त्यांना विचारायचं होतं की अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात १७ वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला तो २८ एप्रिल २०१४ ला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलला, एवढाच त्याच्यावर ठपका. तेव्हा ‘सैराट’ कुठे होता? दोन वर्षांनी आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. सिनेमाने रक्त दाखवलं म्हणून अंगावर काटा आला, पण खऱ्या रक्ताचा दोषी कुणीच नाही.

हिंदीवाल्यांनी ‘सैराट’चा ‘धडक’ (२०१८) केला. महाल आले, तलाव आले, कपडे छान आले, जात मात्र गाळून गेली. शेवटही बदलला. मुलगा आणि बाळ मरतात, मुलगी जगते. जात काढून टाकली की ‘सैराट’मध्ये उरतं काय? पळून गेलेल्या दोन मुलांची गोष्ट. ती आपण शंभरदा बघितलीय.

‘आर्टिकल १५’ (२०१९) आणि ‘जय भीम’ (२०२१) यांची तुलना आमच्या कार्यकर्त्यांत नेहमी होते. दोन्हींत वाचवणारा शिकलेला पुरुषच आहे, मग एकाला नावं का ठेवता आणि दुसऱ्याला डोक्यावर का घेता, असं विचारतात. प्रश्न बरोबर आहे. ‘आर्टिकल १५’ने संविधानाचं कलम घराघरात नेलं, त्याचं श्रेय देते. पण तिथे चळवळ करणारा निषाद मारला जातो आणि न्याय ब्राह्मण आयपीएस अधिकारी देतो. ‘जय भीम’मध्ये वकील चंद्रू नायक आहे हे खरं, आणि नुसत्या नावावर भाळून आपण त्याला जास्त गुण दिले हेही मला मान्य आहे. पण सेंगेनी आठवा. नवरा पोलीस कोठडीत मेलेला, पोटात बाळ. मोठा अधिकारी पैसे देऊन मिटवायला बघतो आणि ती नाही म्हणते. पोलीस गाडीत बसा म्हणून विनवतात, तरी ती पायी चालत घरी जाते आणि गाड्या तिच्या मागे मागे येतात. तो नकार तिला वकिलाने पढवलेला नाही. फरक तिथे आहे.

थोडं हलकं घेऊ. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) बघायला आम्ही बचत गटातल्या बाया मिळून गेलो होतो. खूप हसलो. मेनोपॉजवर, सुनेवर, नवऱ्यावर मोकळं बोललेलं आवडलं. पण बाहेर आल्यावर एक मावशी म्हणाल्या, “ती मंगळागौर आपल्यात कुठे असते गं?” मंगळागौर मुख्यतः उच्चवर्णीय घरातलं व्रत. ते तमाम मराठी बायकांचं बालपण म्हणून दाखवलं गेलं. आमच्या आयांचं बाईपण रोजगार हमीच्या खड्ड्यावर, धुण्याभांड्यावर, जयंतीच्या मिरवणुकीत निळी साडी नेसून नाचण्यात गेलं. तेही भारीच होतं. त्यावर सहा बहिणींचा सिनेमा कुणी काढला?

म्हणूनच मला ‘झुंड’ (२०२२) आवडला. लांबलाय, मधे रेंगाळतो, हे कबूल. पण त्यात जयंतीचा डीजे आहे, नाचणारी पोरं आहेत, बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभा असलेला अमिताभ बच्चन आहे. झोपडपट्टीतला पोरगा शेवटी मरत नाही, विमानात बसतो. आपली माणसं दुःखाशिवायही दिसू शकतात, हे बघून बरं वाटलं.

आता नेहमीचा आक्षेप. “ताई, सिनेमा करमणुकीसाठी असतो, त्यात जात कशाला शोधता?” शोधावी लागतच नाही हो. हिरोचं आडनाव मल्होत्रा, कपूर, देशमुख, सरदेसाई असतं तेव्हाही ती जातच असते, फक्त ती कुणाला दिसत नाही. आमची आली की लगेच डोळ्यात खुपते. करमणुकीत जात नसती, तर २०२५ ला ‘फुले’ सिनेमा जोतिबांच्या जयंतीला, ११ एप्रिलला यायचा होता, तो ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांनंतर २५ तारखेवर का गेला? सेन्सॉर बोर्डाने त्यातले जातींचे उल्लेख का काढायला लावले? ‘धडक २’लाही कात्री लागलीच. म्हणजे जात दाखवू नका म्हणणाऱ्यांनाच ती सगळ्यात आधी दिसते.

मी कुठल्याही सिनेमावर बहिष्कार टाका म्हणत नाही. बघा, हसा, नाचा. ‘लगान’ पुन्हा लागला तर मीही बघेन. फक्त घरातली पोरं सोबत असतील तर सिनेमा संपल्यावर टीव्ही बंद करून त्यांना एवढं विचारा, की यात आपला माणूस कोण होता आणि शेवटी त्याने काय केलं? जमलं तर बाळू पालवणकरची गोष्टही सांगा. आमच्या अभ्यासिकेत ती सांगितली तेव्हा मघाशी सांगितलेला तो सावळा पोरगा पटकन म्हणाला, मग मी बाळू होतो. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत ते नाटक मुलं स्वतः लिहिणार आहेत, मोबाईलवर शूटिंगही करणार आहेत. संवाद कसे होतात बघू. कर्णधार कोण होणार यावरून भांडणं मात्र आत्तापासूनच सुरू झाली आहेत.

जय भीम!