थंडीचा तळ

गेल्या हिवाळ्यात नागावला एका आप्तांच्या वाडीत दोन दिवस मुक्काम होता. दुपारी ओटीवर सुपारी कातरता कातरता घरातल्या मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला. तिला बारावीनंतर भौतिकशास्त्र शिकायचे आहे. "त्यात एवढं आहे तरी काय?" आजोबांनी विचारले. ती म्हणाली, "आजोबा, उष्णता कोटी अंशांवर जाते, पण थंडीला तळ आहे. उणे २७३.१५ अंश सेल्सियस. त्याच्या खाली काही नाही." आजोबा म्हणाले, "असेल बाई. पण ते कळून नारळ जास्त लागणार आहेत का?" सगळे हसले. मुलगी गप्प झाली.

हसणाऱ्यांत मीही होतो, पण तो प्रश्न काही मनातून जाईना.

थंडी ही मुळात वेगळी वस्तूच नव्हे. पदार्थातले कण सतत हलत असतात. ही हालचाल म्हणजेच उष्णता. ती काढून घेतली की आपण म्हणतो, थंड झाले. विहिरीत असेल तेवढेच पाणी उपसता येते. तशी काढण्याजोगी सगळी उष्णता संपली की तळ लागला. शास्त्रज्ञ त्याला निरपेक्ष शून्य म्हणतात. गंमत अशी, की या विहिरीच्या तळाला पोहरा कधीच टेकत नाही. जितके खाली जावे तितका उरलेला अंश काढणे अवघड होते.

मग एवढा खटाटोप कशासाठी? हॉलंडमध्ये लायडेन येथे कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली उणे २६९ अंशांवर हेलियम वायूचा द्रव केला. अशा थंडीत पाऱ्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा होतो, हे त्यांना १९११ मध्ये दिसले. हीच अतिसंवाहकता. तिचा उपयोग तेव्हा कोण सांगू शकला असता? आज एमआरआयच्या बोगद्यात शिरणाऱ्या रुग्णाभोवती बहुधा द्रव हेलियमने थंड ठेवलेले अतिसंवाहक चुंबकच असते. पण ही यंत्रे रुग्णालयांत यायला १९८० चे दशक उजाडले.

हे सारे साता समुद्रापलीकडेच घडते असेही नाही. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. खाडीपलीकडच्या मुंबईतल्या कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथे प्रा. एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथ धातूचे शुद्ध स्फटिक थंड करत नेले. बिस्मथमध्ये वीज वाहणारे मोकळे इलेक्ट्रॉन लाखभर अणूंमागे जेमतेम एक. तरीही निरपेक्ष शून्याच्या वर, एका अंशाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतक्या तापमानाला, तो अतिसंवाहक झाला. डिसेंबर २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाने हे संशोधन प्रसिद्ध केले. अतिसंवाहकतेचा १९५७ पासून चालत आलेला सिद्धांत बिस्मथला पुरा पडत नाही, हे त्यातून कळले. या शोधातून उद्या एखादे यंत्र बाजारात येईल, असे मात्र कोणी समजू नये.

म्हणून आजोबांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. पोटापाण्याची त्यांची काळजीही खोटी नाही. संशोधनाची वाट लांब, जागा थोड्या, आणि वर्षानुवर्षे खपूनही हाती काही लागेलच याची हमी नाही. हे मुलीला आधीच सांगावे. तिची चिकाटी जोखावी, गणित तपासावे. पण उपयोग काय, एवढ्या एका प्रश्नावर तिला घरीच अडवू नये. सरकारनेही संशोधनाला पैसा देताना पुढच्या वर्षीचा नफा विचारू नये. ओनेस यांना तो दाखवता आला नसता.

आणि हे आजोबांइतके कोणाला कळणार? त्यांच्या वाडीतले कितीतरी माड त्यांच्या आजोबांनी लावलेले आहेत. रोप लावताना त्या म्हाताऱ्याला, यंदा नारळ किती लागणार, असे कोणी विचारले नसावे. पुढच्या खेपेला नागावला गेलो की हा विषय मीच काढणार आहे. आणि या वेळी मुलगी बोलत असताना हसणार नाही.