आधी हिशेब, मग पुस्तक

ऊसतोड बायकांच्या कहाण्यांचं पुस्तक काढायचं आणि आलेले पैसे त्यांच्याच वस्तीला द्यायचे, असा बेत घेऊन काही तरुण मंडळी माझ्याकडे आली. मुद्रितं तपासून हवी होती. ती मी आनंदानं तपासीन. पण आधी हिशेब मांडा, म्हटलं. ५०० प्रती, किंमत २५० रुपये, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तरी साडेबारा हजार. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं, मुकादमाकडून घेतलेली उचल याहून कितीतरी मोठी असते.

म्हणून सांगणारीला नफ्याच्या आशेवर ठेवू नका. ती बोलायला बसते त्या दिवशी तिची मजुरी बुडते, ती तिथंच द्या. आणि छापण्याआधी मजकूर तिला वाचून दाखवा. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला. असलं दुखणं नावानिशी छापायचं का, हे तिनं ठरवावं. पुस्तक मुकादमाच्याही हाती पडतं, आणि पुढच्या हंगामाची उचल त्याच्याकडूनच घ्यायची असते. लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ हे आत्मकथन स्वतःच्या नावानं लिहिलं, पण तो निर्णय त्यांचा होता.

मंडळींनी यातलं काहीच ठरवलं नव्हतं. मुखपृष्ठावर संपादक म्हणून कुणाची नावं घालायची, ते मात्र पक्कं होतं.